खासदाराच्या मताचा शोध : कामरेजच्या मतदारांसाठी

निवडून दिलेला प्रतिनिधी संसदेत कोणत्या विधेयकाच्या बाजूने मत देतो, कोणत्या विधेयकाला विरोध करतो आणि कोणत्या वेळी सभागृहात नसतो, हे तपासून पाहण्यास मतदार मोकळा आहे आणि त्यासाठी लागणारी कागदपत्रे संसद स्वतःच प्रसिद्ध करते. तरीही असा शोध घेणाऱ्यांपैकी अनेकांची पहिल्याच पायरीवर निराशा होते, कारण ज्या विधेयकाविषयी त्यांना उत्सुकता असते त्यावर सदस्यांची नावनिशीवार मते घेतलीच गेलेली नसतात. म्हणून खासदाराने काय मत दिले, हा प्रश्न या शोधात दुसरा ठरतो. त्या विषयावर मत नोंदवले गेले होते का, हा पहिला. हा क्रम ध्यानात ठेवला, तर पुढील काम बरेच सोपे होते.

त्याही आधी आपला खासदार नेमका कोण, याची खात्री करून घेणे कामरेजसारख्या ठिकाणी विशेष गरजेचे आहे. कामरेज सुरत जिल्ह्यात मोडते, तेथील अनेकांचा रोजगार सुरत शहरात असतो आणि शहराच्या वाढत्या वस्त्या कामरेज विधानसभा मतदारसंघातही शिरलेल्या आहेत. त्यामुळे येथे स्थायिक झालेल्या धुळे, जळगाव, नंदुरबारकडील कुटुंबांना आपला लोकसभा मतदारसंघ सुरत हाच असावा असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात कामरेज विधानसभा मतदारसंघ बारडोली या अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या लोकसभा मतदारसंघात आहे, आणि मांगरोळ, मांडवी, बारडोली, महुवा, व्यारा व नंदुरबार जिल्ह्याला लागून असलेले निझर हे त्याचे इतर सहा विधानसभा विभाग आहेत. लिंबायत आणि उधना या मराठी वस्तीच्या भागांचा खासदार पुन्हा वेगळा, कारण ते नवसारी मतदारसंघात येतात आणि तेथून मूळचे जळगाव जिल्ह्यातील सी. आर. पाटील निवडून आलेले आहेत. ही सीमा कागदापुरती नाही, हे २०२४ मध्ये ठळकपणे दिसले: सुरत मतदारसंघात भाजपचे मुकेश दलाल २२ एप्रिल रोजी बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर झाले आणि तेथील मतदारांना लोकसभेसाठी मतदान करण्याची वेळच आली नाही, तर कामरेजच्या मतदारांनी ७ मे रोजी रीतसर मतदान केले. बारडोलीतून २०१४, २०१९ आणि २०२४ अशा तीन निवडणुकांत भाजपचे प्रभुभाई वसावा निवडून आले असून, कामरेजच्या मतदाराने ज्यांच्या मताचा माग घ्यायचा ते खासदार हेच होत.

संसदेत निर्णय कसे होतात, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद १०० मध्ये सांगितले आहे: उपस्थित राहून मतदान करणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने प्रश्न निकालात निघतो, अध्यक्ष प्रथमतः मत देत नाहीत आणि दोन्ही बाजूंची मते समसमान पडल्यास तेवढे निर्णायक मत देतात. हे बहुमत मोजायचे कसे, ते मात्र प्रत्येक सभागृहाच्या नियमांवर सोपवलेले आहे. लोकसभेच्या नियमावलीतील नियम ३६७ नुसार प्रस्ताव मतास टाकल्यावर अध्यक्ष अनुकूल सदस्यांना ‘होय’ आणि प्रतिकूल सदस्यांना ‘नाही’ म्हणावयास सांगतात, ऐकू आलेल्या आवाजावरून कोणत्या बाजूचे बहुमत आहे याविषयीचे आपले मत सांगतात, आणि त्याला कोणी आक्षेप घेतला नाही तर निर्णय तेथेच पूर्ण होतो. यालाच आवाजी मतदान म्हणतात. त्यात कोणाचेही नाव नोंदले जात नाही, आकडाही नोंदला जात नाही. कार्यवाहीच्या अहवालात ‘प्रस्ताव स्वीकृत झाला’ एवढीच ओळ राहते.

अध्यक्षांच्या या मतास एखाद्या सदस्याने आव्हान दिले म्हणजे मतविभाजनाची प्रक्रिया सुरू होते. अध्यक्ष प्रकोष्ठ, म्हणजे सभागृहालगतचे कक्ष, मोकळे करण्याचा आदेश देतात. संकुलात इतरत्र असलेल्या सदस्यांना कळावे म्हणून घंटा वाजू लागते. साडेतीन मिनिटांनी दरवाजे बंद होतात आणि प्रस्ताव पुन्हा मतास टाकला जातो. पुन्हा आव्हान आले तर मते यंत्राने, चिठ्ठ्या वाटून किंवा सदस्यांना प्रकोष्ठांत पाठवून नोंदवावीत, असा आदेश दिला जातो. यंत्राच्या पद्धतीत प्रत्येक सदस्य आपल्या नेमून दिलेल्या आसनावरूनच, आरंभीच्या घंटानादापासून अखेरच्या घंटानादापर्यंतच्या काही सेकंदांत, बाजूने असल्यास हिरवे, विरोधात असल्यास तांबडे आणि तटस्थ असल्यास पिवळे बटण दाबतो. चुकीचे बटण दाबले गेले किंवा यंत्राने मत घेतले नाही, तर सदस्य चिठ्ठीद्वारे दुरुस्ती करून घेऊ शकतो, आणि म्हणूनच सभागृहात जाहीर होणारा निकाल ‘दुरुस्तीच्या अधीन’ राहून जाहीर केला जातो. याच नियमात आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे मतदारांचे सहसा लक्ष जात नाही: मतविभाजनाची मागणी अनावश्यक आहे असे अध्यक्षांना वाटल्यास ते दोन्ही बाजूंच्या सदस्यांना आपापल्या जागी उभे राहण्यास सांगून केवळ डोकी मोजू शकतात, आणि अशा वेळी नावे नोंदवली जात नाहीत.

नावे हमखास सापडतील अशी जागा म्हणजे घटनादुरुस्ती विधेयके. अनुच्छेद ३६८ नुसार अशा विधेयकाला सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत, अशा दोन्ही अटी पूर्ण कराव्या लागतात आणि आवाजावरून हे सिद्ध होऊ शकत नसल्याने तेथे मतविभाजन करावेच लागते. सामान्य विधेयकांत मात्र सारे काही मागणीवर अवलंबून राहते. वक्फ दुरुस्ती विधेयकावर एप्रिल २०२५ मध्ये मतविभाजनाची मागणी झाली, म्हणून लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ आणि राज्यसभेत १२८ विरुद्ध ९५ असे आकडे आणि त्यांमागील नावे उपलब्ध आहेत. याउलट सप्टेंबर २०२० मध्ये देशभर वादळ उठवणारी कृषी विधेयके लोकसभेत आवाजी मतदानाने संमत झाली. राज्यसभेत २० सप्टेंबर रोजी दोन विधेयकांवर विरोधी सदस्यांनी मतविभाजन मागितले, पण मागणी करणारे आपापल्या जागेवर नव्हते असे कारण देऊन उपसभापतींनी ती मान्य केली नाही. हे कारण विरोधकांनी कधीच स्वीकारले नाही, आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते कायदे रद्द करणारे विधेयकही दोन्ही सभागृहांत आवाजी मतदानानेच, चर्चेविना, संमत झाले. म्हणजे शेतकऱ्यांच्या जीवनाशी निगडित असलेले कायदे आले आणि गेले, परंतु कोणत्या खासदाराने त्यांना मत दिले याचा संसदेकडे कागदच नाही.

बारडोली मतदारसंघाच्या दृष्टीने याहून बोलके उदाहरण वन संवर्धन कायद्याच्या २०२३ मधील दुरुस्तीचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशाने ‘वन’ या संज्ञेचा अर्थ व्यापक केला होता, मालकी कोणाचीही असली तरी शब्दशः जे वन आहे त्याला कायद्याचे संरक्षण दिले होते. दुरुस्तीने हे संरक्षण मुख्यत्वे अधिसूचित वनांपुरते आणि २५ ऑक्टोबर १९८० रोजी किंवा त्यानंतर सरकारी अभिलेखात वन म्हणून नोंद असलेल्या जमिनींपुरते मर्यादित केले. व्यारा, मांडवी, निझर या भागांतील आदिवासी कुटुंबांचा आणि जंगलाचा संबंध लक्षात घेता, या मतदारसंघाच्या खासदाराने त्यावर काय भूमिका घेतली हे जाणणे मतदारांच्या हक्काचे होते. पण विधेयक २६ जुलै २०२३ रोजी लोकसभेत आणि २ ऑगस्ट रोजी राज्यसभेत आवाजी मतदानाने संमत झाले आणि बारडोलीच्याच काय, कोणत्याही मतदारसंघाच्या नावापुढे त्या दिवशीचे मत लिहिले गेले नाही. अशा वेळी खासदार ज्या पक्षाचा आहे त्यावरून त्याचे मत गृहीत धरून ते नोंद म्हणून सांगणे टाळावे. ‘नोंद नाही’ असेच लिहावे, कारण नोंद नसणे हीदेखील मतदाराला कळायला हवी अशी माहिती आहे.

जेथे नोंद आहे तेथे ती कशी काढायची, यासाठी एक विधेयक नमुन्यादाखल घेता येईल. लोकसभा आणि विधानसभांतील अनुसूचित जाती व जमातींसाठीच्या जागांचे आरक्षण आणखी दहा वर्षांनी, २५ जानेवारी २०३० पर्यंत, वाढवणारे १२६ वे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत १० डिसेंबर २०१९ रोजी संमत झाले, आणि बारडोलीची जागा राखीव राहण्याला तोच आधार असल्यामुळे कामरेजच्या मतदाराने त्यापासून आरंभ करणे योग्य ठरेल. प्रथम विधेयकाचे नाव आणि ते संमत झाल्याची तारीख निश्चित करावी; संसदेच्या ‘संसद डॉट इन’ या संकेतस्थळावर विधेयकांच्या विभागात दोन्ही मिळतात. नंतर त्याच संकेतस्थळावरील लोकसभेच्या विभागात जाऊन वादविवाद, म्हणजे कार्यवाहीचा शब्दशः अहवाल, त्या तारखेपुरता उघडावा. तेथे पोहोचण्यापूर्वी त्या दिवसाच्या बुलेटिनचा पहिला भाग पाहिल्यास वेळ वाचतो, कारण त्यात दिवसभराच्या कामकाजाचा गोषवारा असतो आणि मतविभाजन झाले की नाही हे तेथेच समजते.

शब्दशः अहवालात मतविभाजनाच्या ठिकाणी आधी अनुकूल सदस्यांची, मग प्रतिकूल सदस्यांची आणि तटस्थ कोणी असल्यास त्यांची यादी छापलेली असते. इंग्रजी यादीत आडनाव आधी येते आणि क्रम वर्णानुक्रमी असतो, म्हणून बारडोलीच्या खासदारांचे नाव यादीच्या शेवटाकडे ‘वसावा’ या आडनावाखाली शोधावे लागते. येथे दोन ठिकाणी चूक होण्याचा संभव आहे. एक, लोकसभेच्या दफ्तरी इंग्रजीत त्यांचे नाव ‘परभुभाई नागरभाई’ असा उच्चार होईल अशा स्पेलिंगने लिहिलेले असल्यामुळे ‘प्रभुभाई’ असे टंकून शोध घेतला तर यंत्र काहीच दाखवत नाही; आडनावाने शोधणे अधिक बरे. दोन, शेजारच्या भरूच मतदारसंघाचे खासदार मनसुखभाई हेही वसावाच आहेत, आणि घाईत एकाचे मत दुसऱ्याच्या नावावर जमा होऊ शकते. यादी संपल्यावर खाली दिलेल्या टिपाही वाचाव्यात, कारण चिठ्ठीद्वारे मत नोंदवणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या सदस्यांची नावे तेथे येतात आणि ती न वाचल्यास उपस्थित खासदार गैरहजर समजला जाण्याचा धोका असतो.

आकड्यांतील फरकाने गोंधळून जाऊ नये. एकत्रित निवडणुकांसंबंधीचे १२९ वे घटनादुरुस्ती विधेयक १७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत मांडण्याच्या प्रस्तावावर मतविभाजन झाले, तेव्हा यंत्राने आधी २२० विरुद्ध १४९ असे आकडे दाखवले आणि चिठ्ठ्या जमेस धरल्यावर निकाल २६९ विरुद्ध १९८ असा ठरला. त्या सायंकाळच्या बातम्यांत दोन्ही जोड्या फिरत होत्या. म्हणून बातमीतील आकडा हा केवळ दिशादर्शक मानावा आणि सदस्याच्या नावासाठी अहवालाची वाट पाहावी. अहवालही आधी असंशोधित स्वरूपात प्रसिद्ध होतो, तेव्हा महत्त्वाच्या नोंदी काही काळाने पुन्हा पडताळून घ्याव्यात. एकाच विधेयकावर अनेक मतविभाजने होऊ शकतात, ही गोष्टही लक्षात ठेवावी: मांडण्याच्या वेळी, विचारार्थ घेण्याच्या प्रस्तावावर, एकेका खंडावर व त्यावरील दुरुस्त्यांवर आणि शेवटी संमतीच्या प्रस्तावावर. एखादा सदस्य दुरुस्तीच्या बाजूने मत देतो आणि ती फेटाळली गेल्यावर मूळ विधेयकालाही मत देतो, यात विसंगती नाही. उलट विधेयकाचा कोणता भाग त्याला खटकला होता, हे त्यातून नेमके कळते.

नाव सापडल्यानंतर त्याचा अर्थ लावताना पक्षादेशाचा, म्हणजे व्हीपचा, विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ५२ व्या घटनादुरुस्तीने १९८५ मध्ये जोडलेल्या दहाव्या अनुसूचीनुसार पक्षाच्या निदेशाविरुद्ध मत देणाऱ्या किंवा मतदानापासून दूर राहणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाऊ शकते, जर त्याने पूर्वपरवानगी घेतली नसेल आणि पक्षाने १५ दिवसांत त्याला माफ केले नसेल. त्यामुळे तीन रेघांचा, म्हणजे सर्वांत कडक, पक्षादेश निघालेला असताना दिलेले मत हे सदस्याचे कमी आणि पक्षाचे अधिक असते. निवडणूक सुधारणांविषयीच्या दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच अशी शिफारस केली होती की अपात्रतेची तरतूद स्वेच्छेने पक्ष सोडणाऱ्यांपुरती आणि विश्वास किंवा अविश्वास ठरावासारख्या प्रसंगांपुरती मर्यादित असावी. ती मान्य झाली असती तर खासदाराच्या मताचा माग घेणे आजच्यापेक्षा कितीतरी फलदायी झाले असते. विद्यमान स्थितीत मतदाराने मतांची बेरीज करण्यापेक्षा अपवाद शोधावेत, आणि मताच्या जोडीला त्याच दिवशीचे भाषण वाचावे. महिला आरक्षणाचे विधेयक २० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाले, आणि विरोधातील दोन मते असदुद्दीन ओवैसी व तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील यांची होती. केवळ यादी पाहणाऱ्यास ती मते महिलांच्या प्रतिनिधित्वाविरुद्ध वाटतील. भाषण वाचणाऱ्यास इतर मागासवर्गीय आणि मुस्लिम महिलांसाठी स्वतंत्र वाटा नसल्याचा आक्षेप त्यामागे होता हे दिसेल, आणि तो पटो वा न पटो, मतदाराला निदान खऱ्या कारणाशी वाद घालता येईल.

कोणत्याच यादीत नाव नसणे हा सर्वांत अवघड प्रसंग होय. शिवसेनेने नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला ९ डिसेंबर २०१९ रोजी लोकसभेत पाठिंबा दिला आणि दोन दिवसांनी राज्यसभेत तिच्या सदस्यांनी मतदानात भाग घेतला नाही. जुलै २०१८ मधील अविश्वास ठरावाच्या वेळी, ज्यात ठरावाच्या बाजूने १२६ आणि विरोधात ३२५ मते पडली, तिचे लोकसभा सदस्य मतदानापासून दूर राहिले. हे ठरवून घेतलेले राजकीय निर्णय होते, परंतु मतविभाजनाच्या यादीत ते आजारपणामुळे आलेल्या गैरहजेरीसारखेच दिसतात. पिवळे बटण दाबून नोंदवलेली तटस्थता, सभात्याग आणि साधी अनुपस्थिती या तीन वेगळ्या गोष्टी असून, त्यांचा उलगडा करण्यासाठी त्या दिवसाची हजेरी आणि संसद टीव्हीवरील चित्रफीत पाहणे हाच उपाय आहे.

हजेरी, विचारलेले प्रश्न, चर्चांतील सहभाग आणि खासगी विधेयके यांची खासदारनिहाय माहिती पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था सुटसुटीत स्वरूपात देते आणि ती उपयोगी आहे. मात्र त्या आकड्यांवरून मताविषयी निष्कर्ष काढू नये. शिवाय मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि प्रश्न विचारत नाहीत, त्यामुळे २०२४ पासून केंद्रीय मंत्री असलेल्या नवसारीच्या खासदारांची बारडोलीच्या खासदारांशी या मोजपट्टीवर तुलना करणे अन्यायाचे ठरेल.

आवाजी मतदानाने संमत झालेल्या विधेयकांबाबत खासदाराची भूमिका शोधण्याच्या आणखी काही जागा आहेत. विधेयक संयुक्त किंवा स्थायी समितीकडे गेले असल्यास समितीच्या अहवालाच्या शेवटी सदस्यांच्या असहमतीच्या टिपणी जोडलेल्या असतात, आणि त्या नावासहित असतात. सदस्याने सूचना दिलेल्या दुरुस्त्या, त्या विषयावर पूर्वी विचारलेले प्रश्न आणि चर्चेतील भाषण यांतूनही कल पुरेसा स्पष्ट होतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली लोकसभा सचिवालयाकडे दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो, पण तो अस्तित्वात असलेल्या अभिलेखापुरताच चालतो. आवाजी मतदानातील नावे अर्ज करून मिळणार नाहीत, कारण ती कोठेच लिहिलेली नसतात.

विधानसभेची स्थिती याहून क्षीण आहे. कामरेजमधून डिसेंबर २०२२ मध्ये निवडून आलेले प्रफुल पानशेरिया राज्यमंत्री झाले; मंत्री स्वतःच्या सरकारच्या विधेयकाविरुद्ध मत देत नसतो, त्यामुळे तेथे मतापेक्षा त्यांच्या खात्याची उत्तरे आणि आश्वासने यांचा पाठपुरावा करणे अधिक उपयोगाचे आहे. आमदारांच्या मताला सर्वाधिक तेज येते ते राज्यसभेच्या निवडणुकीत, जी २००३ पासून खुल्या मतपत्रिकेने होते, म्हणजे पक्षाच्या आमदाराने आपली मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवायची असते. गुजरातमध्ये ८ ऑगस्ट २०१७ रोजी काँग्रेसच्या दोन बंडखोर आमदारांनी ती इतरांना दाखवल्याचे निवडणूक आयोगाने ग्राह्य धरले, त्यांची मते बाद ठरवली आणि काँग्रेसचे उमेदवार अहमद पटेल निवडून आले. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मात्र मतदान गुप्त असते आणि पक्षादेशही लागू होत नाही, त्यामुळे तेथे आमदार किंवा खासदाराचे मत शोधण्याचा प्रयत्न करू नये.

खासदाराला पत्र लिहायचे असल्यास ते मतदान झाल्यानंतर लिहिण्यापेक्षा आधी लिहिणे चांगले. अधिवेशनापूर्वी मांडल्या जाणाऱ्या विधेयकांची यादी जाहीर होते. तीतील आपल्या भागाशी संबंधित एकच विधेयक निवडावे, त्यातील खटकणाऱ्या किंवा आवडलेल्या खंडाचा क्रमांक लिहावा, आपला मतदारसंघ आणि मतदान केंद्राचे गाव नमूद करावे आणि दोनच गोष्टी विचाराव्यात: या खंडावर आपण कोणत्या बाजूने मत देणार, आणि मत नोंदले जावे यासाठी आपण किंवा आपला पक्ष मतविभाजनाची मागणी करणार का. मतविभाजनासाठी सभागृहातील एका सदस्याने आवाजी निकालाला आव्हान देणे पुरते, म्हणून हा दुसरा प्रश्न सत्तारूढ आणि विरोधी अशा दोन्ही बाजूंच्या खासदारांना विचारण्याजोगा आहे. पत्र गुजराती, हिंदी किंवा इंग्रजीत असावे, ते मतदारसंघातील संपर्क कार्यालयाबरोबरच दिल्लीच्या पत्त्यावरही पाठवावे आणि टपालाची पोच विधेयकाचे नाव व तारीख लिहून त्याच वहीत ठेवावी, जिच्यात मतांच्या नोंदी उतरवून घेतल्या जात आहेत.